'एम आणि हूमराव' : माहीमच्या एका घराची गोष्ट

जेरी पिंटो यांची 'एम अँड द बिग हूम' ही इंग्रजी कादंबरी २०१२ साली आली. २०१६ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. शांता गोखले यांनी ती 'एम आणि हूमराव' या नावाने मराठीत आणली आहे. इंग्रजी जड जात असेल त्यांनी ती जरूर मिळवावी.

गोव्याकडचं ख्रिस्ती कुटुंब, माहीमचा लहानसा फ्लॅट. आईवडील, मुलगी सुझन आणि गोष्ट सांगणारा मुलगा. आई इमेल्डा, मुलांची 'एम'. कधी ती भरभरून बोलते, विड्या ओढते, चहावर चहा पिते, मुलांसमोर नको ते विनोद करते. कधी काळोखात बुडते, मरण मागते. मग जे. जे. हॉस्पिटलचा ३३ नंबरचा वॉर्ड.

भायखळा, जेकब सर्कलला राहिलेल्या आपल्या लोकांना जे. जे.चा रस्ता पाठ आहे. पण त्या वॉर्डात आमचं माणूस होतं, असं कोणी म्हटल्याचं मला आठवत नाही. माझ्या आईच्या दुखण्याला घरी 'अशक्तपणा' म्हणत. मोठ्या बहिणीचं लग्न व्हायचं होतं ना! आई महिनोन्महिने भिंतीकडे तोंड करून निजलेली असे, आणि तिला हाक मारायची नाही, अशी आम्हां मुलांना ताकीद होती.

एमची मुलं हाक मारतात. उलटसुलट विचारतात, तीही उत्तरं देते. मुलाच्या जन्मानंतर हे सुरू झालं, हेसुद्धा त्याला सांगते. ते ओझं आणि 'उद्या मलाही हे होईल का' ही भीती घेऊन तो वाढतो. पुस्तकातली सर्वांत खरी पानं हीच. शौल राजाला बरं वाटावं म्हणून दावीद वीणा वाजवी. या घरात ते काम थट्टामस्करी करते.

वडील मात्र मला पटले नाहीत. नावाला लावलेला 'राव' फार गोड आहे, पण माणूस फारच शांत. सगळं निमूटपणे निभावतो. आमचे वडीलही चांगले होते. तरी एका रात्री त्यांनी जेवणाचं ताट भिरकावलं, आणि सकाळी आईच्या उशाशी पेज घेऊन बसले. हूमरावांची अशी रात्र लेखकाने दाखवायला हवी होती.

बहीण दिमोनाला असते. तिला दिसत नाही, म्हणून मी रोज फोनवर थोडं वाचून दाखवतो. वॉर्डाचं वर्णन आलं तेव्हा ती म्हणाली, "थांब." बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हं, वाच पुढे."