'म्हणे'चा लोप : झपाटलेल्या वाड्यांचे खेळ आणि आख्यायिका

मराठीत भुताची गोष्ट सांगणारा सहसा साक्षीदार नसतो. 'त्या वाड्यात रात्री पैंजण वाजतात म्हणे' या वाक्यातील अखेरचा शब्द गाळला, की आख्यायिकेची साक्ष होते आणि पुराव्याचा भार सांगणाऱ्यावर येतो. सोलापूरसारख्या बहुभाषिक शहरात हे विशेष ध्यानात येते. येथील कन्नडभाषक त्याच जागी 'अंते' आणि तेलुगूभाषक 'अट' योजतात. भूत कोणत्याही भाषेतून आले, तरी ऐकीवतेची खूण लेवूनच येते.

झपाटलेल्या वास्तूंवरील संगणकीय खेळांची परीक्षा या खुणेपासून करावयास हवी. टेक्मो या जपानी कंपनीचा २००१ सालचा खेळ अमेरिकेत 'फेटल फ्रेम' या नावाने विक्रीस आला, तेव्हा तो सत्यकथेवर आधारलेला असल्याचे वेष्टनावरच छापले होते. हिमुरो वाड्यात भावाच्या शोधात शिरलेली मुलगी जुन्या कॅमेऱ्याने भुते टिपते व त्यानेच त्यांना नमविते. येथे ऐकीव असे काही उरतच नाही. प्रत्येक भुताचे छायाचित्र हाती असते. २०२० सालच्या 'फॅस्मोफोबिया'त खेळणारे नाना उपकरणांनी पुरावे जमवून भुताची जात ठरवितात. पण खेळणाऱ्याने मोठ्याने उच्चारलेले शब्द भूत ऐकते, ही त्यातील योजना मात्र खरोखर मार्मिक आहे; अपरात्री भुताचे नाव घेऊ नये, हा आजीचा दंडक तिने नकळत पाळला आहे.

आता शनिवारवाडा घ्यावा. ३० ऑगस्ट १७७३ रोजी १८ वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी तेथे वध केला, हा इतिहास. 'काका, मला वाचवा' ही हाक तेथे अजून ऐकू येते, ही आख्यायिका; कोणी ती पौर्णिमेस ऐकवितो, कोणी अमावास्येस, आणि 'म्हणे'च्या आश्रयाने दोन्ही पाठ सुखाने नांदतात. वास्तविक १८२८ च्या आगीत आतील इमारती जळाल्या; तट, दरवाजे आणि जोती उरली. दालन नाही, जिना नाही, तरी हाक आहे.

या वाड्यावर खेळ रचावयाचा झाल्यास जळालेली दालने उभारणे फारसे अवघड नाही. अवघड आहे तो कागद. 'धरावे'चे 'मारावे' आनंदीबाईंनी केले, असे लोक सांगतात. त्यास निर्विवाद पुरावा नाही. 'ध चा मा' हा वाक्प्रचार रूढ होताना त्यातील 'म्हणे' केव्हाच गळून पडले आणि एका स्त्रीवर दोष कायमचा बसला. खेळात तो कागद एखाद्या फडताळात सापडेल, खोडलेले अक्षर डोळ्यांना दिसेल, आणि खेळणारा तरुण ते पाहिलेले म्हणून सांगेल. त्याऐवजी परस्परविरुद्ध दोन कागद ठेवून खरा कोणता ते अखेरपर्यंत न सांगणारा वाडाही रचता येईल. त्याला सत्यकथेचे वेष्टन मात्र चढविता येणार नाही.