हसणाऱ्याचं तोंड कुणाकडे?

मराठी विनोदाचा इतिहास सांगायला बसलं की यादी ठरलेली असते: कोल्हटकर, गडकरी, चिं. वि. जोशी, अत्रे, पु. ल. आणि त्यांच्या मागोमाग मिरासदार, शंकर पाटील. ही सगळी माणसं मोठीच आहेत. पण ही यादी मुख्यतः छापील विनोदाची आहे, आणि आज टीव्हीवर, मोबाइलवर रोज रात्री जे हसू पिकतं त्याचं घराणं या यादीत पुरतं सापडत नाही. ते भारुडात आणि तमाशात सापडतं. या दोन्ही धारा एकत्र मांडल्याशिवाय मराठी विनोद आज कुठे उभा आहे, याचा हिशेब लागणार नाही. हिशेबाची माझी कसोटी साधी आहे. हसणाऱ्याचं तोंड कुणाकडे आहे, हे मी आधी पाहते.

१८५५ साली जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिलं. एक जोशी कुणब्याच्या गरोदर बायकोला ग्रहांची भीती घालतो आणि त्या गरीब जोडप्याला दानदक्षिणेपायी कर्जात लोटतो. या प्रसंगांमध्ये विदूषक अधूनमधून पुढे येतो आणि चाललेल्या लबाडीवर सरळ बोट ठेवतो. संस्कृत नाटकातला विदूषक हा राजाचा खाऊमित्र आणि जातीने ब्राह्मण. फुल्यांनी त्याला राजवाड्यातून काढून कुणब्याच्या दारात उभं केलं. पात्र जुनंच, पण त्याची बाजू बदलली. मराठी विनोदातलं हे फार मोठं पाऊल आहे, आणि विनोदाच्या चर्चेत त्याचं नाव क्वचितच निघतं. पुढे सत्यशोधकी आणि आंबेडकरी जलशांनी हीच वाट रुंद केली. भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी तमाशाचा साचा उचलला, त्यातला शृंगार बाजूला ठेवला आणि सवालजवाब, फिरकी, सोंग यांना समाजप्रबोधनाच्या कामाला जुंपलं.

छापील विनोदाची सुरुवातही धारदारच होती. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचं ‘सुदाम्याचे पोहे’ १९१० साली पुस्तकरूपाने आलं. बंडूनाना आणि पांडूतात्या यांना हाताशी धरून त्यांनी सणवार, व्रतवैकल्यं, सोवळंओवळं यांची जी दैना केली, ती घरच्याच माणसांची होती. स्वतःच्या जातीच्या, स्वतःच्या माजघरातल्या रूढींना त्यांनी हात घातला. चिं. वि. जोशींचा सूर मवाळ. ते पालीचे पंडित, बडोदे संस्थानच्या दप्तरखान्यात काम केलेले. चिमणरावाच्या रूपाने त्यांनी कारकुनी पांढरपेशा घर आतून दाखवलं. चिमणरावाची फजिती वाचताना वाचक स्वतःलाच हसतो. हाही विनोदाचा एक मोलाचा उपयोग: अहंकाराची हवा काढून टाकणं.

पु. लं.पाशी आलं की मात्र जरा थांबावं लागतं. ‘व्यक्ती आणि वल्ली’ला १९६५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि विनोदी लेखनाकडे पाहण्याची मराठी साहित्याची नजर बदलली. माणसाच्या विक्षिप्तपणावर इतकी माया क्वचितच कुणी केली असेल. हाच माणूस १९७७ च्या निवडणुकीत आणीबाणीविरुद्ध सभा गाजवत हिंडला. त्यांच्या नंतरच्यांनी उचलली ती फक्त माया, तीही पातळ करून. गेल्या कित्येक वर्षांचे दिवाळी अंक उघडून बघा. जुना वाडा, जुने शेजारी, जुने मास्तर आणि ‘गेले ते दिवस’ असा सूर. या लेखनाला विनोदी म्हणायचं ते केवळ अनुक्रमणिकेत तसं छापलेलं असतं म्हणून. विडंबनाचं तर त्याहून वाईट. अत्र्यांची ‘झेंडूची फुले’ घरोघर पोचली, कारण ज्या कवींची टर उडवली होती त्यांच्या कविता वाचकांना पाठ होत्या. आज सगळ्यांच्या ओठावर एकच कविता नाही. मग विडंबन करायचं कशाचं?

दुसऱ्या धारेत एक नाटक असं आहे की ज्याच्यावर अख्खं पुस्तक लिहावं. गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ १९८० साली व्यावसायिक रंगभूमीवर आलं. कोकणातलं एक गाव द्रौपदीवस्त्रहरणाचा खेळ करायला निघतं आणि प्रयोगाचा पुरता बोऱ्या वाजतो. त्याआधी मुंबई-पुण्याच्या नाटकांत मालवणी ऐकू यायची ती बहुधा घरगड्याच्या तोंडी. तो तोंड उघडायचा आणि लोक हसायचे; हशाचं कारण त्याची बोलीच असायची. ‘वस्त्रहरण’मध्ये सगळेच मालवणी बोलतात, त्यामुळे बोलीला हसायचं कारणच उरत नाही. हसू येतं ते सरपंचाच्या तोऱ्याला, नटांच्या रुसव्याफुगव्यांना, मुकुट घालूनही गावच्याच भांडणात अडकलेल्या पांडवांना. मच्छिंद्र कांबळींनी त्याचे हजारो प्रयोग केले आणि गिरणगावातल्या चाकरमान्याने आपली भाषा पहिल्यांदा मानाने व्यासपीठावर ऐकली. लक्ष्मण देशपांड्यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये मराठवाड्याच्या बोलीसाठी एकट्याने हेच काम केलं.

वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ने तमाशाचा वग शहरी नाट्यगृहात नेला. कोतवालाची जागा वशिल्याने भरली जाते आणि डावललेला हवालदार मैनावतीच्या मदतीने नव्या कोतवालाला असा गुंतवतो की खुद्द राजाचा पलंग चोरीला जातो. दादा कोंडके त्यात त्या त्या दिवसाच्या बातमीवरची वाक्यं घालत. तमाशातल्या बतावणीचं मर्म हेच आहे. संहिता म्हणजे नुसता सांगाडा. मांस रोजच्या रोज चढवायचं. कालच्या निर्णयावर आज रात्री सोंगाड्या बोलतो आणि पाटलापासून पुढाऱ्यापर्यंत सगळे समोर बसून ते ऐकून घेतात.

धारदार विनोद आपोआप चांगला ठरतो, असं मात्र मुळीच नाही. १९६० साली बाळासाहेब आणि श्रीकांत ठाकरे यांनी ‘मार्मिक’ काढलं. बाळासाहेबांच्या रेषेची ताकद वादातीत होती, आणि नोकरीत डावललं जाण्याची मराठी तरुणाची खदखदही खरी होती. पण ‘मार्मिक’मधून परप्रांतीय अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापून येऊ लागल्या, दाक्षिणात्यांची ‘यंडुगुंडू’ म्हणून खिल्ली सुरू झाली, आणि पोटासाठी आलेला साधा कारकून व्यंगाचं लक्ष्य झाला. हसण्याने माणसं जोडली जातात हे खरंच. बाहेर कुणाला ठेवायचं हेही त्याच हसण्याने ठरतं. त्याच काळात शि. द. फडणीस ‘मोहिनी’च्या मुखपृष्ठांवर एकाही शब्दाशिवाय कुणालाही न दुखावता हसवत होते, हेही सांगायला हवं.

आजचं चित्र याच पार्श्वभूमीवर पाहते. ‘चला हवा येऊ द्या’, ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ या कार्यक्रमांनी खेड्यापाड्यांतल्या, छोट्या शहरांतल्या नटांना घराघरांत नेलं, हे त्यांचं मोठं देणं. विशाखा सुभेदार, नम्रता संभेराव यांनी बाईच्या विनोदाचं टायमिंग किती अचूक असतं, हे दाखवून दिलं. बायकांना हे नवीन नाही. भोंडल्याच्या गाण्यांत माहेरी जायला निघालेल्या सुनेला सासरचा एकेक माणूस दुसऱ्याकडे पिटाळतो, त्यातली चीड हसत हसतच फेर धरते. पण तमाशाचं जे रूप टीव्हीने घेतलं, त्यातून नेमकं मर्म गळालं. लुगडं नेसलेला पुरुष आला, मावशी आली, नटाच्या जाडीवर, रंगावर, उंचीवर कोट्या आल्या. कोतवाल आणि राजा मात्र आलेच नाहीत. नवा सिनेमा घेऊन आलेल्या पाहुण्यांपुढे सोंगाड्याला करण्यासारखं उरतं काय? जाड बाईवरचा विनोद सोपा असतो, कारण ती उलट नोटीस पाठवत नाही. या कार्यक्रमांचे लेखक हुशार आहेत, त्यांची भाषेची जाण उत्तम आहे, म्हणूनच राग येतो. इतकी तयारी असलेल्या माणसांनी रोज शरीराच्या कोट्यांवर भागवावं, हे बघवत नाही.

मराठी स्टँडअप अजून मुख्यतः पुण्या-मुंबईच्या लहान सभागृहांत आहे. भाड्याची खोली, ऑफिस, लग्नाच्या गाठी यांवर ही मुलं मोकळेपणाने बोलतात. जातीवर मात्र फार थोडे बोलतात, आणि सत्तेवर बोलताना आवाज चाचपून घेतात. त्यांची भीती खोटी नाही. एका तुकड्यापायी पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागू शकते. त्यांना कायद्याचं आणि प्रेक्षकांचं बळ मिळालं, तर या प्रकारातून बरंच काही उगवेल, असं मला मनापासून वाटतं.

खरी चिंता वाटते ती तमाशाच्या फडांच्या नारायणगावची. तिथल्या राहुट्यांत गावोगावचे पंच यात्रेसाठी फडांना सुपारी द्यायला येतात. रात्रीच्या खेळात सिनेमाच्या गाण्यांची फर्माईश वाढते आणि वग आखडत जातो. नवा वग लिहून घ्यायला फडमालकाकडे पैसा नसतो, म्हणून जुनेच वग पुन्हा पुन्हा उभे राहतात. टीव्हीसाठी स्किट लिहिणाऱ्या कित्येक मुलांनी हा खेळ लहानपणी गावच्या यात्रेत पाहिलेला असतो. त्यांच्यापैकी चार-दोघांनी वर्षाला एक वग फडासाठी लिहावा. त्याची बिदागी राज्य सरकारच्या सांस्कृतिक खात्याने द्यावी, आणि त्यात कुणाचं नाव घेतलंय हे मात्र विचारू नये.