उघड्या मंडपातलं गाणं

छत्तीसगडातल्या भनपुरीतला आपला गणपतीचा मंडप तिन्ही बाजूंनी उघडा. एका अंगाला बिलासपूर रस्त्याची वाहतूक, दुसऱ्या अंगाला पाळी सुटलेल्या कारखान्यांची वर्दळ. इथे कोणी आधी गायचं आणि कोणी मागाहून, हे मानापानावर नव्हे, आवाजावर ठरतं.

म्हणून सुरुवात भजनी मंडळाची. टाळ-पखवाजाला मैदान पेलतं. रूपाचा अभंग सुरू झाला की रस्त्याने जाणारेही सायकल टेकवून उभे राहतात. भाद्रपदाच्या दमट हवेत पखवाज उतरतो, डाव्या पुडीवरची कणीक पुन्हा पुन्हा पाहावी लागते. दिवसभर यंत्रावर उभा असलेला वादक रात्री हे सगळं निगुतीने करतो. या उत्सवातलं सर्वांत मोठं काम मला तेच वाटतं.

त्यानंतर पंथी. सतनामी समाजाचे हे शेजारी मांदर आणि झांज घेऊन येतात, गुरू घासीदासांचा महिमा गात नाचतात आणि लय अशी चढवतात की आपले टाळकरी आपोआप उभे राहतात. ओळख करून द्यायला इथे निवेदक लागत नाही.

नाट्यसंगीताला मात्र रात्र वाढू द्यावी लागते. १८८० साली पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आलं, तेव्हापासून हे गाणं नाट्यगृहाच्या भिंतींच्या आधाराने वाढलं. त्याच्या बारीक हरकती ट्रकच्या भोंग्यात विरून जातात. तरी ते इथे टिकलं, कारण छत्तीसगडात रागदारीचे कान तयार होते. खैरागडच्या राजघराण्याने आपला वाडा दिला, १९५६ साली इंदिरा कला संगीत विद्यापीठ उभं राहिलं आणि भातखंड्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर तिथे कुलगुरू झाले.

आपल्या आधीही मराठी माणसं छत्तीसगडात आली होती; पण बिंबाजी भोसले १७५८ साली रतनपूरला आले ते राज्य करायला. आपण आलो पोटासाठी, त्यामुळे गाणं शेजाऱ्यांना समजावून सांगणं आपल्यावरच आलं. प्रत्येक अभंगाआधी दोन वाक्यं हिंदीत, कधी छत्तीसगढीत. ती सांगता यावीत म्हणून इथे वाढलेल्या मुलांना आधी अभंगाचा अर्थ आजीला विचारावा लागतो. मराठीचा वर्ग काढून जे साधलं नसतं, ते या निवेदनाने साधलं आहे.

यंदा हीच मुलं भारूड बसवत आहेत. सोंगं ठरली आहेत, ढोलकी मिळाली आहे, आणि एकनाथांचं रूपक छत्तीसगढीत कसं उलगडायचं यावर रोज तालमीनंतर वाद चालतो.