एका बाकावरचे सोबती : दोन जुन्या कथा आणि आपले स्मरणलेखन

शाळासोबत्यांच्या आठवणी हा आपल्याकडील स्मरणिकांचा आवडता विषय आहे. महाराष्ट्राबाहेर तीन-चार पिढ्या वसलेल्या आम्हा मंडळींना तर तो अधिकच जिव्हाळ्याचा वाटतो. कारण घराच्या उंबरठ्याबाहेर मराठी बोलण्याची पहिली जागा आम्हांस शाळेने दिली. असे असूनही या लेखनात मास्तर ठसठशीत दिसतात, घंटा ऐकू येते, कवायतीचे मैदान दिसते. सोबती मात्र नावापुरताच येतो. 'तो खोडकर होता', 'तो पुढे मोठा अधिकारी झाला', एवढ्यावर त्याची बोळवण होते. भेटीची ओढ तर प्रत्येक लेखाच्या शेवटी येतेच. पण ती ओढ नेमकी कशाची, हे क्वचितच सांगितले जाते.

या ओढीचा विचार आपल्या परंपरेने फार पूर्वी करून ठेवला आहे. त्यासाठी आम्हां इंदूरकरांना दूर जावयास नको. पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर उज्जयिनी आहे आणि तेथे सांदीपनींचा आश्रम दाखवितात. कृष्णाने आपली अंकांची पाटी जेथे धुतली, ते अंकपात, अशी तेथील श्रद्धा आहे. भागवताच्या दशम स्कंधात या आश्रमातील सोबत्यांच्या पुनर्भेटीची कथा येते. भागवत त्या दरिद्री मित्राला ब्राह्मण सखा म्हणते. सुदामा हे नाव परंपरेने त्याच्याशी जोडले. ही कथा आपण पोह्यांसाठी आणि सोन्याच्या नगरीसाठी लक्षात ठेवतो. आमच्या मते तिचा गाभा त्याआधीच्या संवादात आहे. कृष्ण मित्राला आपल्या पलंगावर बसवितो, संसाराची विचारपूस करतो आणि लगेच गुरुगृहाच्या दिवसांकडे वळतो. गुरुपत्नीने सरपण आणावयास रानात धाडले होते, अवकाळी वादळी पाऊस कोसळला, सूर्य मावळला, जिकडेतिकडे पाणी झाले आणि एकमेकांचे हात धरून त्या अंधारात भटकलो. सूर्योदयाला गुरू शोधीत आले. द्वारकेचा स्वामी आणि फाटक्या वस्त्रांतला ब्राह्मण यांच्यात त्या क्षणी ती रात्र तेवढी उरते. तिच्यावर दोघांचा सारखाच हक्क आहे.

महाभारताच्या आदिपर्वात याच प्रसंगाची दुसरी बाजू आहे. द्रोण आणि द्रुपद भरद्वाजांच्या आश्रमात एकत्र खेळले, एकत्र शिकले. पुढे द्रुपद पांचालांचा राजा झाला आणि द्रोण इतका निष्कांचन की मुलाला दूधही मिळेना. जुन्या सख्याच्या भरवशावर द्रोण त्याच्या दरबारी गेला, तेव्हा द्रुपदाने मैत्री बरोबरीच्यांत असते असा व्यवहार सांगितला. त्या अपमानाची परतफेड द्रोणाने शिष्यांकरवी द्रुपदाला बांधून आणवून आणि अर्धे राज्य घेऊन केली. द्रुपदाने धृष्टद्युम्नाच्या रूपाने तिचे उत्तर दिले. मात्र दोष एकट्या द्रुपदाचा नाही. द्रोणाने मैत्रीचा हवाला देऊन मागणे मांडले. सुदाम्याच्या ओठी मात्र मित्र समोर येताच मागणे आले नाही. दोन्ही भेटींतील अंतर येथे पडते.

आधुनिक मराठी साहित्याने शाळासोबती फार सुंदर रंगविला आहे, हे मान्य केलेच पाहिजे. प्रकाश नारायण संतांच्या 'वनवास' (१९९४) आणि 'शारदा संगीत' (१९९७) या संग्रहांतील लंपन आजी-आजोबांकडे राहतो. त्याच्या बोलण्याला सीमाभागातील कानडीचा हेल आहे. बेळगावकरांना तो घरचाच वाटावा. मिलिंद बोकिलांच्या 'शाळा' (२००४) या कादंबरीत आणीबाणीच्या काळातील नववीचे वर्ष आहे, जोशीचा कंपू आहे. दोन्ही लेखकांनी एक पथ्य पाळले : प्रौढ निवेदक मध्येच येऊन उसासे टाकीत नाही. म्हणून ती मुले जिवंत वाटतात. पण याच पथ्यामुळे ही पुस्तके शाळेच्या फाटकाशी थांबतात. चाळीस वर्षांनी ती मुले समोरासमोर आली तर काय बोलतील, हा प्रश्न त्यांच्या कक्षेबाहेर राहतो. पु. ल. देशपांड्यांनी 'व्यक्ती आणि वल्ली'त (१९६२) मोठ्या वयातून शाळेकडे पाहिले, परंतु तेथे केंद्रस्थानी चितळे मास्तर आहेत. पुनर्भेटीचे लेखन त्यामुळे बहुतांशी आपल्यासारख्या हौशी लेखकांच्या हाती राहिले आणि आपण त्याला पुरेसा न्याय दिलेला नाही.

इंदूरचेच उदाहरण घेऊ. आमच्या शाळेच्या एका बाकावर सरकारी कारकुनाचा मुलगा आणि मिल कामगाराचा मुलगा शेजारी बसत. डब्यातील चटणी दोघांची. पुढे एकाला सरकारी नोकरी आणि निवृत्तिवेतन मिळाले. दुसरा वडिलांच्या मागे मिलमध्ये लागला असेल, तर त्याच्या वाट्याला काय आले? हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली आणि तिच्या कामगारांची थकलेली देणी मार्गी लागण्यास २०२३ साल उजाडले. अशा दोघांची गाठ स्नेहमेळाव्यात पडते आणि पहिला प्रश्न येतो, 'सध्या काय करतोस?' विचारणाऱ्याच्या मनात काही नसते. पण ऐकणाऱ्याला त्यात द्रुपदाचा दरबार दिसतो. आजच्या मोबाइलच्या गटांवरही पदे, परदेशी मुले आणि नवी घरे यांचीच गर्दी असते. काही सोबती पहिल्या मेळाव्यानंतर पुन्हा का येत नाहीत, याचे उत्तर आमच्या मते येथे शोधावे.

दुसरी उणीव मुलींविषयीची. शिरोडकर असो वा सुमी, त्या आपणांस मुलाच्या नजरेतून दिसतात. त्यांच्या स्वतःच्या मैत्रिणी, त्यांच्यातील रुसवे, अर्धी वाटून घेतलेली पेन्सिल, हे त्या पुस्तकांच्या चौकटीत मावणारे नव्हतेच. प्रत्यक्षातही जुन्या मैत्रिणीचा शोध अवघड. लग्नात आडनाव बदलले, पुष्कळदा नावही बदलले. हजेरीपटावरची मुलगी कोणत्या नावाने कोठे नांदते, हे कळावे कसे? आमच्या भगिनींनी या विषयावर लिहावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

मुद्दा एवढाच की, शाळासोबत्याची ओढ ही केवळ गेलेल्या दिवसांची हळहळ नाही. पद, पैसा आणि मुलांचे यश यांनी मोजले जाण्यापूर्वी आपण कसे होतो, याचा साक्षीदार आता तोच उरला आहे. आई-वडील गेले, मास्तर गेले. आमच्या पिढीच्या हजेरीपटावरही आता दर वर्षी एखाद-दुसरे नाव कमी होते. तेव्हा स्मरणिकेसाठी लेखणी उचलताना सोबत्याचे पुढे काय झाले, याऐवजी त्याच्याबरोबर काय घडले, ते सविस्तर लिहावे. त्याची चाल, त्याची भीती, त्याने कोणत्या दिवशी आपली बाजू घेतली, हे लिहावे. आणि छापण्यापूर्वी तो लेख, तो सोबती हयात असल्यास, त्याच्या घरी जाऊन त्याला वाचून दाखवावा. आपल्या आठवणीत चुकले असेल ते तो दुरुस्त करील.