कागदावरचे घर

घर गमावण्याविषयीच्या साहित्याची एक खोड आहे. घर हिरावून घेणारा माणूस त्यात ठसठशीत उमटतो. ज्या कागदाने घर जाते, तो कागद बहुधा अंधारातच राहतो. नारायण हरी आपटे यांच्या कथेवर बाबूराव पेंटरांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. त्यातील जमीन गमावून गिरणीची वाट धरणारा शेतकरी (व्ही. शांताराम) आणि लोभी सावकार दोघेही रसिकांच्या स्मरणात राहिले, कर्जरोख्याची चर्चा फारशी कोणी केली नाही.

अमेरिकेतील कृष्णवर्णीय लेखिका लॉरेन हॅन्सबेरी यांचे ‘अ रेझिन इन द सन’ (१९५९) हे नाटक याच कसोटीवर वाचावे. शिकागोतील यंगर कुटुंबाला दिवंगत वडिलांच्या विम्याचे १०,००० डॉलर मिळतात. आई त्यांतील ३,५०० भरून गोऱ्यांच्या वस्तीत घर ठरवते. वस्तीचा प्रतिनिधी पैसे देऊ करून त्यांना परतवू पाहतो. मुलगा वॉल्टर नकार देतो आणि बिऱ्हाड निघते. प्रसंग विलक्षण आहे. पण पुढचे हप्ते? सून रूथ वाटेल ते कष्ट उपसायला तयार आहे, एवढ्यावरच नाटक तो प्रश्न सोडते. लेखिकेला कागदाची ताकद ठाऊक नव्हती असे नव्हे. तिच्या वडिलांचा घराविषयीचा खटला १९४० साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता.

नाटकात न आलेला अंक त्याच शहरातील लॉनडेल भागात घडला. कृष्णवर्णीयांना बँका कर्ज देत नसत, म्हणून ते अवाच्या सवा किमतीला करारावर घर घेत. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी विकणाऱ्याची. एक हप्ता चुकला की घरही गेले आणि भरलेला पैसाही. तेथील प्रेझेंटेशन धर्मग्रामात जॅक मॅक्नमारा या येशूसंघीय गुरुविद्यार्थ्याने आणि त्याच्या सोबत्यांनी सरकारी दप्तरे चाळून, विकणाऱ्याने तेच घर कितीला घेतले होते ते शोधले. १९६८ साली खरेदीदारांचा संघ उभा राहिला व अनेकांनी हप्ते थांबवले. बाहेर काढलेल्या कुटुंबांचे सामान शेजारी पुन्हा घरात नेऊन ठेवीत. न्यायालयात संघ हरला. तरी शेकडो करार नव्याने, कमी रकमेचे झाले.

हे वाचताना अलिबाग तालुक्यातील चरी आठवल्यावाचून राहत नाही. १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची शेते कसणे नाकारले आणि वर्षानुवर्षे नाकारले. १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करणारे विधेयक मांडले. पुढे १९४८च्या कूळ कायद्याने मालकाच्या जागेवर कुळाने स्वखर्चाने बांधलेल्या राहत्या घरालाही संरक्षण दिले. त्या रुक्ष कलमामागे किती ओट्यांची आणि चुलींची कथा आहे! संपावर पुष्कळ लिहिले गेले. त्या चुलींवर मात्र फार थोडे.

आज खोत नाही, गृहकर्ज आहे. २००२च्या कायद्यानुसार थकबाकीदाराला बँकेची ६० दिवसांची नोटीस येते. त्या मुदतीत लेखी हरकत घेता येते. पुढे ताबा घेतला गेल्यास ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. पण नोटिशीचे पाकीट लाजेने कपाटात ठेवले जाते आणि शेजाऱ्याला कळते ते लिलावाची जाहिरात छापून आल्यावर. आपल्या किनाऱ्यावरच्या एखाद्या लेखकाने ते पाकीट उघडणारी कथा लिहावी, याची मी वाट पाहतो आहे.