पंचवीस घरांचा पट

चल्लस-आठ हा खेळ आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या खेळला गेला, पण त्याची घडण मात्र फारशी कुणी निरखली नाही. कुठे त्याला अष्टचंग म्हणतात आणि दर दहा कोसांवर एखादा नियम बदलतो. तरी गाभा तोच राहतो. लेकरं घेऊन घराबाहेर पडलेल्या माणसांसाठी इतका नेटका खेळ दुसरा नाही, असं माझं मत आहे.

आधी पट पाहा. पाच आडव्या ओळी, पाच उभ्या, एकूण पंचवीस घरं. चारही कडांच्या मधल्या घरात एकेक फुली आणि पाचवी फुली ऐन मध्यावर. कोळसा, खडू, विटेचा तुकडा, काहीच नसलं तर मातीत काडी. जालना जिल्ह्यातल्या राजूरच्या गणपतीला अंगारकीच्या गर्दीत थकून सावलीला टेकलेल्या कुटुंबाला एवढं सहज जमतं. उठताना पट तिथेच राहतो आणि मागून येणाऱ्यांच्या मुलांना आयता मिळतो. सोंगट्या एकमेकींपासून वेगळ्या ओळखू आल्या की पुरे. एकाची सरकी, दुसरीचे तुरीचे दाणे, तिसऱ्याचे फुटक्या बांगडीचे तुकडे, चौथीच्या मोसंबीच्या बिया. सगळं जालन्याच्या शिवारातलं आणि घरातलं; इथल्या मोसंबीला तर भौगोलिक मानांकनही आहे.

दान पाडायला दोन चिंचोके मधोमध फोडून चार फाका करायच्या. पांढऱ्या बाजू जितक्या वर, तितकं दान. चारही पांढऱ्या पडल्या तर चार, चारही काळ्या पडल्या तर आठ, आणि या दोन्ही दानांना पुन्हा खेळायला मिळतं. फाका दोन्ही बाजूंनी सारख्याच पडतात असं धरलं, तर सोळा शक्यतांपैकी दोनाच्या सहा, एकाच्या चार, तिनाच्या चार, आणि चार-आठाची फक्त एकेक. म्हणून ‘आठ!’ अशी आरोळी उठली की शेजारचे प्रवासीही वळून बघतात.

खरी कारागिरी त्यापुढे आहे. बाहेरच्या फेऱ्यात सोळा घरं आणि फुल्या बरोबर चार-चार घरांवर. त्यामुळे आपल्या फुलीतून निघताना चार पडले तर सोंगटी थेट शेजाऱ्याच्या फुलीत आणि आठ पडले तर समोरच्याच्या फुलीत पोचते. दोन्हीकडे तिला कुणी मारू शकत नाही. दुर्मीळ दान आणि सुरक्षित जागा यांची अशी गाठ ज्यांनी घातली, त्यांची नावं कुठेच नोंदलेली नाहीत. मला त्यांच्याविषयी मनापासून आदर वाटतो. पुढे बाहेरचा फेरा संपला की सोंगटी आत वळते आणि चालीची दिशा उलटी होते. जिथे पोचायचं त्या मध्यापर्यंत एकूण चोवीस पावलं, म्हणजे तीन आठ.

पण आत शिरायला परवाना लागतो: आधी कुणाची तरी सोंगटी मारलेली हवी. या एका अटीने खेळाला जीव येतो. कडेकडेने, कुणाच्या वाटेला न जाता जिंकताच येत नाही. सहा वर्षांच्या पोरीला दहा वर्षांच्या भावाशी भिडावंच लागतं, आणि दान तिच्या बाजूने पडलं तर तो हरतोही. आजीही खाली बसते, कारण नियमांवरून भांडण झालं की निवाडा तिचाच असतो. गाडीची वाट पाहण्याचा वेळ या भांडणांतच सरतो.

अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांचं काय? ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, गाठोडी, सरपण, त्यावर लेकरं. खेळण्यांसाठी जागा उरत नाही. तोडीच्या ठिकाणी कोपीसमोरच्या, म्हणजे झोपडीसमोरच्या, चार हात जमिनीवर हा पट मावतो. यात मी कौतुकाने वाहून जात नाही: त्या मुलांना गावात राहून शाळा मिळायला हवी, आणि तिची भरपाई कोणत्याही खेळाने होत नाही. तरीही रानात दिवसभर धाकट्याला सांभाळणाऱ्या मुलीच्या हाती काहीतरी स्वतःचं असावं, आणि ते दोन चिंचोक्यांत मिळावं, ही साधी गोष्ट नाही.

धावत्या एसटीत मात्र हा खेळ जमत नाही. फाका बाकाखाली घरंगळतात, सोंगट्या जागच्या हलतात. तिथे गावांच्या नावांच्या भेंड्याच बऱ्या. चल्लस-आठ स्टँडचा, फलाटाचा, देवळाच्या ओट्याचा खेळ आहे.

तुमच्या घरातल्या थोरल्यांना त्यांच्या गावचे नियम विचारा आणि लिहून ठेवा. कुणाची सोंगटी मारल्याशिवाय आत जाता येतं का, एका घरात जोडीने बसलेली सोंगटी मरते का, मध्यावर नेमकं दान लागतं का, एवढे तीन प्रश्न विचारले तरी बोलणं सुरू होईल. पुढच्या वेळी मुलांना घेऊन बाहेर पडाल, तेव्हा पिशवीत चार फाका आणि खडूचा एक तुकडा टाका.