दगडू, दगडूशेठ आणि दगड्या

पुण्यात दगडूशेठ हलवायाच्या गणपतीपुढे रोज हजारो माणसे हात जोडतात. त्यांतल्या कुणालाही ते नाव हलके वाटत नाही. २०१४ साली ‘टाइमपास’ चित्रपटाच्या नायकाला दगडू हेच नाव दिले गेले, तेव्हा ते ऐकताच प्रेक्षकांना त्याची वस्ती आणि पत कळून चुकली. आणि १९७८ साली दया पवारांनी ‘बलुतं’मध्ये आपले जन्मनाव सांगितले तेही दगडूच; दगडू मारुती पवार. नाव माणसाचे आयुष्य घडवते, असे आपल्याकडे सर्रास मानले जाते. बारशाआधी अक्षर काढून घेणारे आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादे अक्षर वाढवून भाग्योदयाची वाट पाहणारे, असे दोघेही हेच मानतात. मग एका नावाने तीन दगडू तीन जागी का नेऊन ठेवले?

दगडू, धोंडू, केरबा, कचरू, उकिर्डा, भिकू. ही नावे मराठी मुलखात का ठेवली जात, हे जुन्या पिढीला सांगावे लागत नाही. आधीची मुले दगावली की पुढच्याला असे नाव द्यायचे, म्हणजे मृत्यूची किंवा दृष्ट लावणाऱ्याची नजर त्याच्यावर ठरणार नाही. ही फसवणूक सर्व जातींत चाले. दुसऱ्या बाजीरावाचा दत्तक मुलगा नानासाहेब याचे नाव धोंडोपंत. स्त्रीशिक्षणाला आयुष्य वाहिलेले कर्वे हे धोंडो केशव. कर्व्यांना १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, भारतरत्न मिळाले. त्यांच्या चरित्रात ‘धोंडा’ या अर्थाने कुठे अडथळा केला, असे कुणी म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही.

पण या प्रथेच्या शेजारी दुसरी एक परंपरा उभी आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातला एकतिसावा श्लोक नावांची वाटणी करतो. मंगल, बल आणि धन सुचवणारी नावे वरच्या तिघांना, आणि शूद्राला निंदा सुचवणारे. म्हणजे एकच ओंगळ नाव एका घरात मृत्यूला चकवण्यासाठी आईने निवडलेले असते, तर दुसऱ्या घरात ते पायरी ओळखण्यासाठी गावाने मान्य केलेले असते. बारशाच्या दिवशी दोन्ही पाळण्यांतले शब्द सारखेच ऐकू येतात. फरक पुढे कानावर पडतो.

पाश्चात्त्य मानसशास्त्रात या विषयावर बराच खल झाला आहे. २००२ साली पेलहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे मांडले की माणूस नकळत आपल्या नावाशी जुळणाऱ्या गोष्टींकडे ओढला जातो; डेनिस नावाची माणसे डेंटिस्ट जास्त होतात. वर्तमानपत्रांना हे फार आवडले. २०११ साली सायमनसन यांनी तीच आकडेवारी तपासून दाखवले की ज्या नावांशी डेनिसची तुलना केली होती ती आधीच्या पिढीची होती, आणि डेनिस वकिलांतही तसेच जास्त निघतात. नावाच्या अंगभूत ओढीवरचा माझा विश्वास तिथेच संपला. आपल्या नावांकडे पाहायला त्या सिद्धांताची गरजही नाही. आपल्याकडे नावाला शेपूट असते, आणि सगळे काम ते शेपूट करते.

मराठीत नुसते नाव फार क्वचित उच्चारले जाते. त्याला पंत, राव, शेठ, जी, बा, आप्पा लागते, किंवा ‘या’ लागतो. धोंडोचा धोंडोपंत होतो, धोंडिबा होतो, धोंड्या होतो. बाईच्या बाबतीत गंगाबाई, गंगूताई, गंगू, गंगी अशी उतरण आहे. व्याकरणाची पुस्तके ‘या’ आणि ‘ई’ला लघुत्वदर्शक म्हणून सोडून देतात. व्यवहारात हा प्रत्यय म्हणजे परवाना असतो. लाडाने ‘धोंड्या’ म्हणण्याचा अधिकार आईला आणि मित्राला आहेच. पण जुन्या गावात वाड्यातले दहा वर्षांचे पोर साठीच्या महाराला ‘अरे धोंड्या’ म्हणे, आणि त्या म्हाताऱ्याने ‘जी’ म्हणायचे असे. एका हाकेत दोन माणसांच्या जागा ठरत, आणि अशी हाक दिवसातून वीस वेळा येई. नाव स्वभाव घडवत असेल तर तो इथे. अर्थातून नव्हे, या सरावातून.

प्रत्यय बदलला की काय होते, याचा पुरावा कोरेगाव भीमाच्या स्तंभावर आहे. १ जानेवारी १८१८च्या लढाईत पडलेल्यांच्या यादीत ‘नाक’ने संपणारी महार शिपायांची नावे ओळीने कोरली आहेत. तो त्या जातीचा स्वतःचा मानाचा प्रत्यय. पलटणीच्या हजेरीत तो टिकला, कारण पलटणीला पूर्ण नाव लागते. गावाला लागत नव्हते. पुढे ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात ‘भिवा’ या नावाने दाखल झालेला मुलगा भीमराव झाला, आणि मग बाबासाहेब. यातले शेवटचे नाव आईबापांनी ठेवलेले नाही, सरकारनेही दिलेले नाही. ज्यांना आजवर फक्त ‘या’ लावून हाक आली होती, त्यांनी ते घडवले.

आता ‘बलुतं’कडे पाहू. पुस्तकाच्या आरंभी दया पवार आपल्यासमोर दगडू मारुती पवार नावाचा माणूस आणून उभा करतात, आणि पुढची हकिकत त्याच्या तोंडून येते. दगडूला लहानपणी आपल्या नावाची लाज वाटे. महारवाड्यातली नावे अशीच का, याचा शोध घेताना तो मनूपर्यंत जातो. या दुहेरी रचनेला समीक्षेने बहुधा दुभंगलेल्या व्यक्तिमत्त्वाचे चित्र मानले आहे. शिकलेला, शहरात नोकरी करणारा, ‘कोंडवाडा’चा कवी म्हणून मान मिळालेला दया एकीकडे आणि गावकुसाबाहेरचा दगडू दुसरीकडे. हे वाचन चुकीचे नाही, पण त्यात एक गृहीत लपलेले आहे. दगडू हे मागे टाकण्याचे नाव आणि दया हे मिळवलेले, असे ते धरून चालते.

मला पुस्तक उलटे चालताना दिसते. १९७८ साली दया पवार हे नाव वाचकांत रूढ झाले होते. आत्मकथनही त्याच नावाने सांगता आले असते, आणि ते जास्त सोयीचे होते. लेखकाने तसे केले नाही. त्याने बोलण्याचा हक्क दगडूला दिला आणि दयाला ऐकायला बसवले. शिवाय हा दगडू ‘दगड्या’ म्हणून येत नाही. बापाचे नाव आणि आडनाव लावून, शाळेच्या दाखल्यावर असते तसे, पूर्ण तीन शब्दांत येतो. गावाने जे नाव तोडून वापरले ते इथे अखंड उच्चारले जाते, आणि एक प्रतिष्ठित कवी त्याच्यापुढे श्रोता होतो. हाक मारणारा आणि ‘जी’ म्हणणारा यांच्या जागा पुस्तकाच्या रचनेतच बदलल्या आहेत. हे मला दुभंगलेपणापेक्षा मोठे वाटते.

पुस्तकाची उणीवही इथेच आहे. एकदा दगडू बोलू लागला की दया फारसा मध्ये येत नाही. कावाखान्याच्या आठवणींवर, बायकांविषयीच्या कबुल्यांवर दयाने काही विचारायला हवे होते, अडवायला हवे होते. ऐकणाऱ्याला नुसते कान दिल्यामुळे चौकट मधल्या भागात सैल पडते. ‘अक्करमाशी’त शरणकुमार लिंबाळे याच वाटेवर पुढे गेले, पण तिथे पेच पहिल्या नावाचा नाही. शाळेत बापाच्या जागी कुणाचे नाव लिहायचे, हा आहे. मराठी माणसाच्या तीन शब्दांतला कुठला शब्द कुणाला टोचतो, एवढ्या एका सूत्रावर आपली दलित आत्मकथने लावून पाहावीत. निम्म्या भांडणांची मुळे सापडतील.

‘बलुतं’ प्रसिद्ध झाले त्याच वर्षी, २७ जुलै १९७८ रोजी, विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या. नाव प्रत्यक्ष लागले ते १४ जानेवारी १९९४ला, आणि तेव्हा ‘नामांतर’ हा शब्द वगळून ‘नामविस्तार’ करण्यात आला. जुने नाव तसेच ठेवून त्याला मान जोडण्यापर्यंतच सहमती पोचली.

१९५६नंतर दलित घरांत गौतम, सिद्धार्थ, मिलिंद, सुजाता अशी नावे आली. त्यांतली काही आधी महाविद्यालयांना लागली होती. सिद्धार्थ १९४६ साली मुंबईत, पुढे मिलिंद औरंगाबादला. दगडूचा सिद्धार्थ होणे ही मोठी गोष्ट होती. पण ऐकणारा बदलला नाही तर नवे नावही जुन्या कामाला जुंपता येते. मिलिंद महाविद्यालयात शिकलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त २००७ साली एक पाहणी मांडली. खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फरक नावाचा. मुलाखतीला बोलावले जाण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला सुमारे दोन तृतीयांश, मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश निघाली. अर्जदार अस्तित्वातच नव्हते, तेव्हा त्यांच्या स्वभावाचा प्रश्न येत नाही. तरीही निवड झाली.

बायकांच्या नावांचे तर आणखी वेगळे. माहेरची यमुना कुर्लेकर लग्नानंतर रमाबाई रानडे झाली, आणि दुसरी यमुना आनंदीबाई जोशी. दोघींची लग्ने १८७३-७४च्या सुमाराची. एक अकरा वर्षांची, दुसरी नऊ. दोन्ही यमुना कुठे गेल्या, हे कुणी विचारले नाही, कारण बाईचे नाव हे सासरच्या तांदळात लिहिण्यासाठीच असते असे धरले होते.

याच्याही खालची पायरी नकुशीची. मुलगे हवे असलेल्या घरात मुलींवर मुली झाल्या की पुढचीला हे नाव. सातारा जिल्ह्यात २२ ऑक्टोबर २०११ रोजी प्रशासनाने अशा २८५ मुलींचे नवे नामकरण केले. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी वैशाली, कुणी सावित्री. दगडू आणि नकुशी ही नावे एकाच पेटीत टाकणारे लेख मी वाचले आहेत, पण त्यांची दिशा उलटी आहे. दगडू म्हणणारी आई मृत्यूला थाप मारत असते; हा मला नको, असे दाखवून ती त्याला राखून ठेवते. नकुशी म्हणणारे घर खरे बोलत असते, आणि ते बोलणेही तिच्याशी नसते. पुढचा मुलगा व्हावा म्हणून देवाकडे केलेली ती मागणी असते, आणि ती हाक बनून मुलीला रोज ऐकावी लागते. तो मुलगा खरोखर झाला, तर तोही ‘नकुशे’ म्हणूनच बहिणीला हाक मारायला शिकतो. २०११च्या त्या कार्यक्रमात मुलींना नव्या नावाची प्रमाणपत्रे मिळाली. त्यांतल्या किती जणींना त्या संध्याकाळी घरी नव्या नावाने हाक आली, याची नोंद ठेवणारा रकाना कुठल्याच रजिस्टरात नाही.